शेवटच्या मैलाची गोष्ट

स्तर ४ : वाचन आणि चर्चा

वाचण्याआधी

१. तुमच्या घरचं इंटरनेट एक आठवडा बंद पडलं, तर घरातल्या कोणाचं कोणतं काम अडेल? यादी करा.
२. तुमचे आई-बाबा किंवा आजी-आजोबा आपलं गाव सोडून दुसरीकडे का गेले? त्यांना विचारा आणि दोन वाक्यं लिहा.

ही दोन्ही उत्तरं जवळ ठेवा. पाठाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहेत.

१. दुकानातला फोन

मित्रांनो, मी आयटीत काम करतो. माझा सगळा दिवस इंटरनेटवर जातो. पण माझं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या डोंगरात आहे, आणि मी शाळेत होतो तेव्हा गावात इंटरनेट नव्हतं. किराणा मालाच्या दुकानात एक फोन होता. तोच सगळ्या गावाचा.

माझा बारावीचा निकाल लागला, त्या दिवशीची गोष्ट. निकाल इंटरनेटवर दिसणार होता. तो बघायला मी सकाळच्या एसटीने तालुक्याच्या गावी गेलो. तिथल्या सायबर कॅफेत ही गर्दी! दोन तास थांबलो, पण निकालाचं पान काही उघडेना. शेवटची एसटी चुकू नये म्हणून तसाच परत आलो. वेशीवर पोचलो तर दुकानदार ओरडला, "अरं, पळ! मुंबईवरनं तुझ्या काकांचा फोन हाय!"

काका मुंबईत माथाडी कामगार होते. म्हणजे बाजारात पोती उचलण्याचं काम करायचे. त्यांनी कोणाकडून तरी मुंबईतच माझा निकाल काढून घेतला होता. "पास झालास रे बाळा!" एवढंच ते बोलले आणि त्यांचा आवाज दाटून आला. माझा निकाल माझ्या आधी मुंबईला कळला होता.

तेव्हा मला त्याचा आनंदच झाला. आज विचार करताना वेगळं काहीतरी जाणवतं. आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी मुंबईला होतं. गावात पोस्टमन यायचा तो मनीऑर्डर घेऊन. काम मुंबईत, पैसा मुंबईत, निकालसुद्धा मुंबईत. गावात मागे राहायची ती म्हातारी माणसं, लहान मुलं आणि शेतात राबणाऱ्या बायका.

आज मी तुम्हाला माझ्या गावाची नाही, तर अमेरिकेतल्या एका डोंगराळ भागाची गोष्ट सांगणार आहे. पण वाचताना माझं गाव लक्षात ठेवा. दोघांमध्ये बरंच साम्य आहे.

२. डोंगरातल्या दोन काउंट्या

अमेरिकेच्या नकाशात केंटकी राज्य शोधा. त्याच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशिया नावाच्या जुन्या डोंगररांगा आहेत. तिथे जॅक्सन आणि औझली नावाच्या दोन छोट्या काउंट्या शेजारी शेजारी आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा किंवा तालुक्यासारखा भाग. जॅक्सन काउंटीचं मुख्य गाव मॅकी. औझलीचं बूनव्हिल. दोन्ही गावं इतकी लहान, की गाडीने जाताना बोलण्याच्या नादात असलात तर गाव मागे पडलेलं कळतही नाही.

या सगळ्या प्रदेशाचं पोट दोन गोष्टींवर चालायचं. एक कोळसा आणि दुसरी तंबाखूची शेती. दोन्ही हातचं गेलं. तंबाखूसाठी सरकारने ठरवून दिलेली कोट्याची जुनी पद्धत २००४ च्या कायद्याने बंद झाली, आणि लहान शेतकऱ्याला ते पीक परवडेनासं झालं. २०११ नंतरच्या पाच वर्षांत पूर्व केंटकीतल्या कोळसा खाणींमधल्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या गेल्या. औझली काउंटीचं नाव तर अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब काउंट्यांच्या यादीत वर्षानुवर्षं येत राहिलं.

मग लोकांनी काय केलं? आमच्या गावाने जे केलं तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅपलेशियातले लाखो लोक ओहायो, मिशिगन, इंडियाना अशा राज्यांतल्या कारखान्यांत कामाला गेले. आमची मुंबई, त्यांचं सिनसिनाटी आणि डेट्रॉइट.

आता एक आश्चर्याची गोष्ट ऐका. २०१४ पर्यंत या दोन काउंट्यांमधल्या प्रत्येक घराच्या आणि दुकानाच्या दारापर्यंत फायबरचं इंटरनेट पोचलं होतं. तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या शहरांमध्येही प्रत्येक घराला ते मिळत नव्हतं. हे कसं झालं?

थांबा आणि विचार करा: एवढ्या गरीब आणि डोंगराळ भागात हे काम कोणी केलं असेल? मोठ्या कंपनीने, सरकारने, की आणखी कोणी? अंदाज लिहा आणि मगच पुढे वाचा.

३. घोडं कुठे अडतं?

मराठीत आपण म्हणतो, "घोडं कुठे अडलंय?" म्हणजे काम नेमकं कशामुळे थांबलंय? खेड्यांपर्यंत इंटरनेट नेताना घोडं अडतं ते शेवटच्या मैलावर.

शेवटचा मैल म्हणजे गावाजवळून जाणाऱ्या मोठ्या तारेपासून तुमच्या घरापर्यंतचं अंतर. इंग्रजीतही याला 'लास्ट माइल' म्हणतात. तो खराखुरा एक मैलच असतो असं नाही. कधी शंभर फूट असतो, कधी चार मैल.

आधी तारेविषयी थोडं बघू. जुनी टेलिफोनची तार तांब्याची असते. तिच्यातून वीज वाहते. जसजसं अंतर वाढतं तसतसा तिच्यातला संदेश क्षीण होत जातो. टेलिफोन एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे तांब्याच्या तारेवर धड इंटरनेट मिळत नाही. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्याच्यातून प्रकाश धावतो, एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर! एकच धागा एका वेळी प्रचंड माहिती नेतो आणि लांब गेला तरी सहसा थकत नाही. म्हणून डोंगरात विखुरलेल्या घरांसाठी फायबरच चांगलं. अडचण एकच : ते टाकायला खर्च फार येतो.

किती खर्च? या दोन काउंट्यांमध्ये एक मैल फायबर टाकायला साधारण ५० हजार डॉलर लागले. आता वही काढा, गणित करू.

समजा, एका मैलावर ७ घरं आहेत. ५०,००० भागिले ७ म्हणजे एका घरामागे सुमारे ७,१४० डॉलर. समजा, प्रत्येक घर महिन्याला ५० डॉलर बिल भरतं. तर नुसता तारेचा खर्च वसूल व्हायला १४३ महिने लागतील. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं! पगार, दुरुस्ती, वादळात पडलेले खांब, हे सगळं वेगळंच.

आता समजा, शहरात एका मैलावर १०० घरं आहेत आणि खर्च तेवढाच आहे. एका घरामागे ५०० डॉलर. दहा महिन्यांत पैसे परत.

तुम्ही कंपनीचे मालक असतात, तर तार कुठे टाकली असती? खरं सांगा हं. मीसुद्धा शहरातच टाकली असती. यात कंपनी दुष्ट आहे असं नाही. तिचा हिशेबच तसा आहे. पण त्या हिशेबात सात घरांचं गाव कधीच बसत नाही.

४. हिशेब बदलणारी माणसं

असाच प्रसंग नव्वद वर्षांपूर्वीही आला होता. तेव्हा प्रश्न इंटरनेटचा नव्हता, विजेचा होता. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत बहुतेक घरांमध्ये दिवे लागले होते. पण शेतावरच्या दहा घरांपैकी नऊ घरं अंधारात होती. वीज कंपन्यांचं म्हणणं तेच : घरं लांब लांब आहेत, परवडत नाही.

तेव्हा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने ग्रामीण विजेसाठी एक खातं सुरू केलं. १९३६ मध्ये कायदा झाला. सरकार म्हणालं, कंपन्या येत नसतील तर तुम्ही स्वतः एकत्र या, संस्था काढा, आम्ही कमी व्याजाने कर्ज देतो. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, खांब रोवले, तारा ओढल्या. पुढे १९४९ मध्ये असंच कर्ज टेलिफोनसाठीही मिळू लागलं. आणि १९५० मध्ये मॅकी गावात लोकांनी टेलिफोनची सहकारी संस्था काढली. तिचं नाव 'पीपल्स रूरल टेलिफोन कोऑपरेटिव्ह', म्हणजे लोकांची ग्रामीण टेलिफोन सहकारी संस्था.

'सहकार' हा शब्द नीट समजून घ्या. मराठी माणसासाठी तो फार ओळखीचा आहे. साधारण याच सुमारास, १९५० च्या आसपास, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरानगर इथे शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील त्याचे पुढारी होते आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. दोन देश, दोन भाषा. पण कल्पना एकच. जो गिऱ्हाईक, तोच मालक. प्रत्येक सभासदाला एक मत. नफा झाला तर तो बाहेर जात नाही, सभासदांकडेच येतो.

मालक बदलला की प्रश्नही बदलतो. कंपनी विचारते, "पैसे किती वर्षांत परत मिळतील?" सहकारी संस्था विचारते, "आपल्याला हे परवडेल का, आणि हे नसलं तर आपलं काय होईल?" बारा वर्षं कंपनीला फार वाटतात. पण ज्यांना तिथेच राहायचं आहे, त्यांना बारा वर्षं काही फार नाहीत.

५. घोडं अडलं, तिथे खेचर चाललं

२००८ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. त्यानंतर २००९ मध्ये सरकारने एक कायदा करून कामं सुरू करण्यासाठी बराच पैसा बाहेर काढला. त्यातला काही खेड्यांतल्या इंटरनेटसाठी होता. मॅकीच्या संस्थेने कर्ज आणि अनुदान मिळवलं आणि कंबर कसली. दोन्ही काउंट्या मिळून सुमारे एक हजार मैल तार टाकायची होती. खर्च सुमारे पाच कोटी डॉलर.

काम सोपं नव्हतं. खांब कधी रस्त्याकडेला, तर कधी दरीच्या पलीकडे, दाट झाडीत. काही चढ असे, की तिथे ट्रक जाईना. मग संस्थेने एक जुना उपाय काढला. त्यांनी खेचर आणलं! खेचर म्हणजे घोडी आणि गाढव यांचं पिल्लू. डोंगर चढण्यात पटाईत. त्याचं नाव होतं ओल्ड बब. जिथे यंत्रं हरली तिथे ओल्ड बब काचेची तार ओढत डोंगर चढला. एकविसाव्या शतकातलं वेगवान इंटरनेट एका खेचराच्या पाठबळावर आलं!

ही गोष्ट वाचताना मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आमच्या धंद्यात आम्हाला वाटतं, सगळं काही नव्या तंत्राने होतं. पण तंत्र माणसाच्या दारापर्यंत पोचवायला कधी कधी खेचर लागतं, आणि खेचर आणायची तयारी असलेली माणसं लागतात.

६. तार आली, पुढे काय?

आता पाठातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. घरात फायबर आलं, म्हणजे नोकरी आली का?

नाही. रस्ता झाला म्हणजे प्रवास झाला असं होत नाही.

खाणीत किंवा तंबाखूच्या शेतात वीस वर्षं राबलेल्या माणसाला अचानक संगणकासमोर बसवलं तर तो काय करणार? म्हणून पूर्व केंटकीत लोकांना काम शिकवणाऱ्या एका संस्थेने 'टेलिवर्क्स यूएसए' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात लोकांना घरून करायच्या कामाचं शिक्षण देतात. कंपनीच्या गिऱ्हाइकांशी फोनवर कसं बोलायचं, संगणकावर माहिती कशी भरायची, मुलाखत कशी द्यायची. केंद्र जॅक्सन काउंटीतही उघडलं. दूरच्या कंपन्यांसाठी लोक आपल्या घरात बसून काम करू लागले.

अशा कामासाठी बहुतेक कंपन्या तारेने जोडलेलं, भरवशाचं इंटरनेट मागतात. का, ते सांगतो. जुन्या पद्धतीचा उपग्रह पृथ्वीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतो. तुमचा शब्द वर जाऊन खाली येतो आणि उत्तर पुन्हा तसंच येतं. यात अर्धा सेकंद तरी जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण फोनवर दोघं एकदम बोलायला लागतात आणि गिऱ्हाईक वैतागतं. नवे उपग्रह खूप खालून फिरतात, म्हणून ते पुष्कळ बरे आहेत. तरीही एकाच घरात आई कामावर, मुलगी वर्गात आणि आजोबा डॉक्टरांशी बोलत असतील, तर फायबरसारखा आधार नाही.

शाळेचंही बघा. डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडला, की शाळेची बस घाट चढू शकत नाही. औझली काउंटीच्या शाळांनी कोविडच्या काही वर्षं आधीच बर्फाच्या दिवशी घरून अभ्यास करण्याचा प्रयोग केला होता. २०२० मध्ये अमेरिकेतली कितीतरी मुलं वाचनालयांच्या आणि हॉटेलांच्या बाहेर, गाडीत बसून, तिथल्या वायफायवर गृहपाठ करत होती. ज्यांच्या दारात फायबर होतं, त्यांच्यावर ती वेळ आली नाही.

७. आड आणि पोहरा

मराठीत एक म्हण आहे : आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड म्हणजे विहीर. पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी काढायचं भांडं. विहीर कोरडी असेल तर पोहऱ्यात पाणी येणार नाही.

इंटरनेटच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. आडात भरपूर पाणी असतं, पण पोहराच नसतो!

केंटकी राज्याने २०१५ मध्ये स्वतः एक मोठी योजना हाती घेतली. राज्याच्या सगळ्या १२० काउंट्यांपर्यंत फायबर न्यायचं. तीन हजारांहून जास्त मैल तार. ही मुख्य तार होती, म्हणजे आड. तिच्यापासून घरापर्यंतचा शेवटचा मैल दुसऱ्या कोणीतरी टाकायचा होता. काम ठरल्यापेक्षा बरीच वर्षं लांबलं, खर्च वाढला, आणि तार काउंटीपर्यंत आली तरी डोंगरातल्या घराला तिचा लगेच उपयोग नव्हता.

भारतातही अशीच मोठी योजना आहे. २०११ मध्ये ती मंजूर झाली आणि २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, हा तिचा हेतू. काम फार मोठं आहे आणि गरजेचंही आहे. पण ग्रामपंचायतीच्या कपाटातला डबा आणि वाडीवरच्या मुलीच्या हातातलं पुस्तक यांच्यामध्येही एक शेवटचा मैल उरतोच.

महाराष्ट्रातलंच एक जुनं उदाहरण सांगतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थेच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक असलेली केंद्रं उघडली. स्वप्नं मोठी होती : बाजारभाव, शिक्षण, आरोग्य, सरकारी कागदपत्रं. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर मुख्यतः एकाच कामासाठी यायचे. आपल्या उसाचं वजन किती भरलं, तोडणी कधी, पैसे किती झाले, हे बघायला. पुढे काही ठिकाणी तेच काम मोबाइलवरच्या साध्या संदेशाने होऊ शकतं हे प्रयोग करून दाखवलं गेलं.

काही जण म्हणतील, प्रकल्प फसला. मी म्हणेन, शेतकऱ्याने आपल्याला धडा दिला. त्याला संगणक नको होता. त्याला त्याच्या उसाचा खरा हिशेब हवा होता. लोकांना काय हवंय ते आधी विचारा, मग तार टाका.

८. मग गाव सावरलं का?

खरं उत्तर देतो : थोडं सावरलं, पूर्ण नाही.

जॅक्सन आणि औझली काउंट्या आजही श्रीमंत नाहीत. फोनवर बोलण्याच्या नोकरीत खाणीतल्या नोकरीएवढा पगार मिळत नाही. शिवाय अशी बरीच कामं आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. मी स्वतः याच क्षेत्रात आहे, म्हणून हे सांगताना मला बरं वाटत नाही. ज्या तारेवरून नोकरी येते, त्याच तारेवरून ती परतही जाऊ शकते.

मग एवढा खटाटोप कशाला?

याचं उत्तर मला माझ्या काकांच्या आयुष्यात सापडतं. काका तीस वर्षं मुंबईत एका खोलीत सात जणांबरोबर राहिले. काकू गावात राहिली. त्यांची मुलं वडिलांना गणपतीत आणि मे महिन्यात भेटायची. काकांना शहर आवडत होतं म्हणून ते गेले का? नाही. त्यांना निवडच नव्हती. तार नोकरीची हमी देत नाही. ती निवड देते. ज्याला जायचं त्याने जावं, ज्याला राहायचं त्याला राहता यावं.

मीसुद्धा गाव सोडलं. पण काकांना जावं लागलं आणि मी गेलो, या दोन वाक्यांतला फरक बघा. मराठीत 'जावं लागलं' आणि 'गेलो' यांच्यात एकाच क्रियापदाचा फरक आहे. माणसाच्या आयुष्यात तो फरक फार मोठा असतो.

अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात ज्यांच्याकडे चांगलं इंटरनेट नाही त्यांच्यासाठी सुमारे ४२ अब्ज डॉलर बाजूला ठेवले. म्हणजे पैसा आहे. तंत्रही आहे. पण मॅकीची गोष्ट सांगते की तेवढं पुरत नाही. ती तार कोणाची आहे, ती शेवटच्या घरापर्यंत जाते का, आणि ती आल्यावर माणसाला काय करता येतं, हे तीन प्रश्न प्रत्येक गावाने विचारायला हवेत.

आता आमच्या गावात मोबाइलवर इंटरनेट चालतं. देवळामागच्या टेकाडावर रेंज चांगली येते, म्हणून संध्याकाळी मुलं तिथे अभ्यासाला बसतात. मागच्या महिन्यात पुतणीने मला तिथूनच व्हिडिओ कॉल केला. तिचा दहावीचा निकाल होता. या वेळी निकाल आधी गावाला कळला, आणि मग मला.

शब्दार्थ

वेस : गावाची हद्द, गावात शिरण्याची जागा
माथाडी कामगार : बाजारात किंवा गोदामात ओझी उचलणारा कामगार
मनीऑर्डर : पोस्टातून पैसे पाठवण्याची जुनी सोय
विखुरलेली : एकमेकांपासून लांब लांब पसरलेली
सहकार : सगळ्यांनी मिळून, सगळ्यांच्या मालकीचं काम करणं
सभासद : संस्थेचा सदस्य
अनुदान : सरकारने दिलेले, परत न करायचे पैसे
मंदी : धंदा आणि नोकऱ्या कमी होण्याचा काळ
पटाईत : एखाद्या कामात तरबेज
वाडी : मुख्य गावापासून थोडी दूर असलेली लहान वस्ती
खटाटोप : खूप धडपड

वाक्प्रचार आणि म्हण

आवाज दाटून येणे : भावना अनावर होऊन नीट बोलता न येणे
घोडं अडणे : काम एखाद्या ठिकाणी थांबणे
कंबर कसणे : कामासाठी पक्की तयारी करणे
पोट चालणे : जगण्यापुरते पैसे मिळणे
आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? : मुळातच नसेल तर पुढे मिळणार कुठून?

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरं लिहा.
(अ) लेखकाला त्याचा बारावीचा निकाल कोणी सांगितला?
(आ) मॅकीची टेलिफोन संस्था कधी सुरू झाली? तिचे मालक कोण?
(इ) ओल्ड बब कोण होता? त्याने काय केलं?
(ई) वारणेच्या शेतकऱ्यांनी संगणकाचा उपयोग मुख्यतः कशासाठी केला?

२. कारणं सांगा.
(अ) कंपन्या डोंगरातल्या गावात तार टाकायला तयार नसतात.
(आ) तांब्याच्या तारेपेक्षा फायबर चांगलं असतं.
(इ) नुसती तार आली म्हणून नोकरी मिळत नाही.

३. गणित करा. एका मैलावर १० घरं आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला ५० डॉलर भरतं. मैलाचा खर्च ५० हजार डॉलर. खर्च वसूल व्हायला किती महिने लागतील? उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.

४. भाषा : 'गेलो' आणि 'जावं लागलं' यांसारख्या आणखी तीन जोड्या करा. उदाहरण : शिकलो, शिकावं लागलं. प्रत्येक जोडी वाक्यात वापरा आणि अर्थातला फरक वर्गात सांगा.

५. चर्चा : "खर्च वसूल होत नसेल तर गावात तार टाकू नये." वर्गात दोन गट करा. एका गटाने कंपनीच्या बाजूने बोला, दुसऱ्याने गावाच्या बाजूने. प्रत्येकाने किमान दोन मुद्दे मांडा.

६. उपक्रम : पाठाच्या सुरुवातीला लिहिलेली दोन्ही उत्तरं काढा. घरातल्या मोठ्या माणसाला फोन करा किंवा भेटा आणि विचारा : "तेव्हा गावात आजच्यासारखं इंटरनेट असतं, तर तुम्ही तिथेच राहिला असता का?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत, सात-आठ ओळींत लिहून आणा. उत्तर "नाही" आलं तरी चालेल. मात्र "का नाही?" हे विचारायला विसरू नका.